एडवर्ड लायनहार्ट वाईट नट होता का? (‘थिएटर ऑफ ब्लड’ आणि व्हिन्सेंट प्राइस)

पडद्यामागचा

‘थिएटर ऑफ ब्लड’ (१९७३, दिग्दर्शक डग्लस हिकॉक्स) पाहिलेल्या सगळ्यांना एक प्रश्न विचारायचाय. यातला एडवर्ड लायनहार्ट नट म्हणून चांगला होता की वाईट?

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. (पुढे सगळी कथा फुटणार आहे. कोऱ्या मनाने बघायचा असेल त्यांनी आधी बघून या, धागा कुठे पळत नाही.) लायनहार्ट हा लंडनच्या रंगभूमीवरचा उतारवयाचा नट. शेक्सपिअरशिवाय दुसरं काही करणार नाही हा त्याचा हट्ट. अख्खा हंगाम शेक्सपिअर करूनही समीक्षक मंडळाचं पारितोषिक एका नवख्या, तोंडातल्या तोंडात बोलणाऱ्या पोराला मिळतं. लायनहार्ट मंडळाच्या बैठकीत घुसतो, सगळ्यांसमोर हॅम्लेटचं स्वगत म्हणतो आणि सज्जातून थेम्समध्ये उडी घेतो. जगाच्या लेखी तो मेला. नदीकाठच्या बेवड्यांनी त्याला वाचवलंय हे कुणालाच माहीत नसतं. मग तो एकेका समीक्षकाला गाठतो आणि आपल्या शेवटच्या हंगामातल्या नाटकांच्या क्रमाने, त्या त्या नाटकातल्या मरणाने मारतो. एकाला सीझरसारखं भोसकून, एकाला ‘तिसरा रिचर्ड’मधल्या क्लॅरेन्ससारखं दारूच्या पिंपात बुडवून.

माझं स्पष्ट मत आहे की त्याच्यावर अन्याय झाला. तो चुकीच्या काळात जन्मला इतकंच. पन्नास वर्षं आधी त्याच आवाजाला, त्याच हातवाऱ्यांना लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. व्हिन्सेंट प्राइसने हे काम इतकं जीव ओतून केलंय की मला प्रत्येक खुनाच्या वेळी त्याचीच बाजू घ्यावीशी वाटते.

खारीक_खोबरं

रुमाल टाकून ठेवतेय. आज रात्री बघते आणि मग येते.

नेपथ्यवाला

वाईट नट होता. यात शंका कसली? त्याच्याच चाहत्याने असं म्हणावं हे मला पटतंय, कारण तीच तर चित्रपटाची मजा आहे. चांगल्या नटाने सूड घेतला असता तर ती नुसती शोकांतिका झाली असती. इथे मोठा नट वाईट नटाचं काम करतोय, तेही अतिशय चांगलं. समीक्षक दुष्ट आहेत, पण त्यांचं निदान बरोबर आहे.

मर्चंट ऑफ व्हेनिसचा खून आठवा. मूळ नाटकात सावकार शायलॉकला कर्जापोटी ठरलेलं मांस मिळतच नाही. लायनहार्ट मात्र समीक्षकाचं काळीजच कापून पाठवून देतो, आणि समीक्षकांपैकीच एक असलेला डेव्हलिन (इयन हेन्ड्री) ओळखतो की हा लायनहार्टच, कारण शेक्सपिअर बदलून लिहिण्याची छाती दुसऱ्या कुणाची होणार नाही. चित्रपटातलं हे माझं सगळ्यात लाडकं वाक्य. नट म्हणून तो काय होता ते त्या एका शेऱ्यात आलं.

मुक्काम_पोस्ट_लंडन

मी इथे पटनीजवळ राहते. लायनहार्टचा अड्डा असलेलं ते मोडकळीला आलेलं नाट्यगृह म्हणजे खरंखुरं पटनी हिप्पोड्रोम. शूटिंगच्या वेळी ते बंद पडून बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे ती धूळ आणि त्या फाटलेल्या खुर्च्या बऱ्याचशा खऱ्या असाव्यात. १९७५ मध्ये ते पाडलं. लायनहार्टचं थडगं दाखवलंय ते केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत आहे. हा चित्रपट जवळजवळ सगळा प्रत्यक्ष जागांवर झालाय, स्टुडिओत सेट लावून नाही. म्हणूनच इतका भडक असूनही तो खोटा वाटत नाही. भर दिवसा, लंडनच्या नेहमीच्या करड्या उजेडात घोड्याच्या शेपटीला बांधलेलं प्रेत फरफटत येतं, तेव्हा हसावं की दचकावं कळत नाही.

पडद्यामागचा

@नेपथ्यवाला, ‘वाईट नटाचं चांगलं काम’ हे तुमचं मला अर्धंच पटतं. क्लॅरेन्सच्या पिंपाचं बघा. १९३९ च्या ‘टॉवर ऑफ लंडन’मध्ये क्लॅरेन्सचं काम स्वतः प्राइसने केलं होतं, आणि बॅसिल रॅथबोन व बोरिस कार्लॉफ या दोघांनी मिळून त्याला दारूच्या पिंपात बुडवून मारलं होतं. १९६२ मध्ये त्याच नावाच्या रॉजर कॉर्मनच्या चित्रपटात तो तिसरा रिचर्ड झाला. आणि १९७३ मध्ये रिचर्डचं कुबड लावून तो दुसऱ्याला पिंपात ढकलतोय! ज्याला पूर्वी बुडवलं तोच आता बुडवतो. तिथे त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद नुसत्या लायनहार्टचा नाही.

अजून_एक_चहा

ज्याचा आवाज मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’मध्ये शेवटी येतो आणि मग हसतो, तोच ना हा? आमच्याकडे ती कॅसेट होती. ते हसू आलं की धाकटा भाऊ टेप बंद करायला धावायचा.

शेवटची_रांग

हो, तोच. कार्टून नेटवर्कच्या पिढीने त्याला स्कूबी-डूमध्येही ऐकलंय, व्हिन्सेंट व्हॅन घूल नावाचा मांत्रिक. आणि डिस्नेच्या ‘द ग्रेट माउस डिटेक्टिव्ह’मधला (१९८६) उंदीर खलनायक रॅटिगन.

खारीक_खोबरं

बघितला. आवडला, पण कुत्र्यांचा प्रसंग मला झेपला नाही. रॉबर्ट मॉर्लीने केलेल्या समीक्षकाच्या त्या दोन पूडल्सना ‘पाय’मध्ये (मांस भरलेल्या पेस्ट्रीत) भाजून त्यालाच खाऊ घालतात, तिथे मी उठून गेले. माणसं मेली तेव्हा हसत होते, कुत्र्यांवर आलं आणि हसू गेलं.

नेपथ्यवाला

@खारीक_खोबरं, मूळ टायटस अँड्रॉनिकसमध्ये तर राणीच्या दोन मुलांनाच ‘पाय’मध्ये घालून तिला वाढतात. इथला समीक्षक आपल्या कुत्र्यांना बाळं म्हणतो, म्हणून लायनहार्टच्या दृष्टीने हिशेब चोख बसला. पण तुमचं म्हणणं खरं आहे, विनोदाच्या अंगाने बघायला तो प्रसंग सगळ्यात जड.

चुलीपाशी

त्या प्रसंगात प्राइस टीव्हीवरच्या आचाऱ्याच्या वेशात येतो. मला त्यात वेगळीच गंमत वाटते, कारण हा माणूस खरंच पट्टीचा खवय्या आणि स्वयंपाकी होता. १९६५ मध्ये त्याने आणि त्याची तेव्हाची बायको मेरी ग्रँट हिने मिळून ‘अ ट्रेझरी ऑफ ग्रेट रेसिपीज’ हे जाडजूड पुस्तक काढलं. जगभरातल्या नामांकित हॉटेलांच्या पाककृती, घरच्या ओट्यावर करता येतील अशा. भयपटांचा राजा म्हणून त्याचं पुस्तक कुणी विकत घेतलं असेल असं वाटत नाही. पाककृती चांगल्या आहेत म्हणून ते अजून छापलं जातंय.

चित्रांचाही तो असाच वेडा होता. येलमध्ये कलेचा इतिहास शिकला. पुढे आपल्या संग्रहातली चित्रं ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजला दिली, तिथलं संग्रहालय आज त्याच्या नावाने आहे. सिअर्ससारख्या साध्या दुकानांच्या साखळीतून सामान्य माणसाला परवडतील अशी अस्सल चित्रं विकायची योजना १९६२ पासून त्याने चालवली. ज्याला लोक ‘भुताच्या सिनेमातला’ म्हणायचे तो माणूस हा असा होता.

शेवटची_रांग

धाग्यावर डायना रिगचं नाव अजून कुणीच काढलं नाही? लायनहार्टची मुलगी एडविना. बापाच्या प्रत्येक खुनात ती सामील आहे, कधी पोलीस, कधी मिशा लावलेला हिप्पी. पहिल्यांदा बघताना मला ती ओळखूच आली नव्हती. बापावर तिची जी श्रद्धा आहे तिच्यामुळे हा चित्रपट तरला असं माझं मत आहे. एकटा लायनहार्ट वेडा वाटला असता. आपल्या बापाएवढा मोठा नट जगात झाला नाही असं मनापासून मानणारी एक हुशार मुलगी शेजारी उभी राहिली की प्रेक्षकालाही वाटायला लागतं, कोण जाणे, असेलही.

२००५ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरने याचं नाटक केलं. त्यात लायनहार्ट होता जिम ब्रॉडबेंट, आणि मुलीचं काम केलं रेचल स्टर्लिंगने, जी डायना रिगची खरी मुलगी.

मुक्काम_पोस्ट_लंडन

अरे वा, हे नाटकाचं माहीत नव्हतं! आईची भूमिका मुलीने करायची, तीही मुलीचीच भूमिका.

कोपऱ्यातला_दिवा

मी वयाने इथल्या बऱ्याच जणांपेक्षा मोठा असेन. राज्य नाट्य स्पर्धेत बरीच वर्षं कामं केली, त्यामुळे मूळ प्रश्नाबद्दल जरा सविस्तर लिहितो.

आपण आज ज्याला ‘अतिअभिनय’ म्हणून नाक मुरडतो तो करायला दमसास लागतो. लायनहार्टचं कुठलंही स्वगत डोळे मिटून ऐका. वाक्याच्या शेवटी आवाज पडत नाही. श्वास कुठे घेतला ते कळत नाही. शब्द मोठ्याने येतो पण फाटत नाही. माइक नव्हते तेव्हा शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचायचं हे शास्त्र होतं. आमच्याकडे आगरकरांनी १८८३ मध्ये हॅम्लेटचं ‘विकारविलसित’ केलं, देवलांनी ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ केला, आणि गणपतराव जोशींनी ती नाटकं गाजवली. त्या काळच्या प्रेक्षकाला पुटपुटणारा हॅम्लेट दाखवला असता तर पिटातून काय आलं असतं याची कल्पनाच करा.

आता ‘नटसम्राट’ आठवा. शिरवाडकरांचं नाटक १९७० चं, हा चित्रपट १९७३ चा. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, पण दोन्हीकडे शेक्सपिअरमध्ये आयुष्य घातलेला म्हातारा नट आहे, दोन्हीकडे लिअर आहे, दोन्हीकडे लेक आहे, आणि दोन्हीकडे शिष्ट जगाने टाकल्यावर त्याला आसरा देतात ते रस्त्यावरचे लोक. गणपतराव बेलवलकर सगळं आत घेतात आणि त्यातच जळतात. लायनहार्ट सगळं बाहेर फेकतो. पण दुखणं एकच आहे. पडदा पडला की नटाकडे काहीच उरत नाही. चित्रकाराचं चित्र उरतं, लेखकाचं पुस्तक उरतं. नटाचं फक्त परीक्षण उरतं, आणि तेही दुसऱ्याने लिहिलेलं. लायनहार्ट मारण्याआधी त्या समीक्षकांना त्यांचीच वाक्यं पाठ म्हणून दाखवतो, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. इतकी वर्षं त्याने ती जपून ठेवलीत. बऱ्याच नटांनी जपलेली असतात.

पडद्यामागचा

कोपऱ्यातला_दिवा, काका, नमस्कार घ्या. वाचनखूण साठवलीय.

नेपथ्यवाला

काका, प्रतिसाद सुंदरच. तरीही वाद घालतो. नटसम्राटाला आपण थोर मानतो कारण नाटकच आपल्याला सांगतं की तो थोर होता. लायनहार्टबद्दल हा चित्रपट तसं सांगत नाही. सगळं संपल्यावर डेव्हलिन जवळजवळ कौतुकाने म्हणतो की नेहमीसारखाच अति केलं त्याने, पण एक्झिट कशी घ्यावी ते त्याला कळत होतं.

आणि प्राइसला हळू अभिनय येत नव्हता असं कुणाला वाटत असेल तर त्याने ‘विचफाइंडर जनरल’ (१९६८) बघावा. दिग्दर्शक मायकेल रीव्ह्ज जेमतेम चोवीस वर्षांचा, प्राइसशी त्याचं अजिबात जमलं नाही, सारखा ‘कमी करा, कमी करा’ म्हणायचा. पण पडद्यावर जे उतरलं ते थंड आणि क्रूर आहे, भुवईसुद्धा उगाच हलत नाही. पुढे प्राइसनेही मान्य केलं की तो पोरगा बरोबर होता. तेव्हा ‘थिएटर ऑफ ब्लड’मधला भडकपणा त्याने ठरवून केलाय. त्याला कमी करता येत होतं, त्याने जास्त करायचं निवडलं, कारण लायनहार्टला कमी करता येत नाही.

खारीक_खोबरं

@नेपथ्यवाला, हे पटलं. ‘विचफाइंडर’ यादीत टाकला.

बिनधास्त_बाई

चित्रपट मलाही आवडतो, पण एका गोष्टीवर बोलायला हवं. केशकर्तनालयाचा प्रसंग. लायनहार्ट तिथे समलिंगी केशभूषाकाराचं सोंग घेतो, लाडे लाडे बोलतो, मनगट वळवतो. त्या काळी इंग्लंडमध्ये टीव्हीवरही हेच चालायचं हे मला माहीत आहे. पण आज बघताना तिथे माझं हसू थांबतं. बाकीच्या सोंगांमध्ये लायनहार्ट शेक्सपिअरच्या पात्रांत शिरतो, इथे मात्र चित्रपट एका अख्ख्या समूहाकडे बोट दाखवून हसतो.

शेवटची_रांग

@बिनधास्त_बाई, सहमत. त्याच प्रसंगात प्राइसचा टायमिंग अफाट आहे आणि तरीही तुमचं बरोबर आहे. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

अजून_एक_चहा

त्या प्रसंगात ड्रायरखाली जळून मरणारी ती रुबाबदार बाई कोण?

शेवटची_रांग

तीच तर खरी गोष्ट! ती कोरल ब्राउन. जन्माने ऑस्ट्रेलियन, लंडनच्या रंगभूमीवरची मोठी नटी. याच चित्रपटाच्या वेळी तिची आणि प्राइसची गाठ पडली, आणि १९७४ मध्ये दोघांनी लग्न केलं. पडद्यावर जिला जोन ऑफ आर्क म्हणून जाळली तिच्याबरोबर तो पुढे सतरा वर्षं संसार करत होता. ती १९९१ मध्ये गेली, तो १९९३ मध्ये.

अजून_एक_चहा

आमच्याकडे कांदेपोहे असतात, त्यांच्याकडे हेअर ड्रायर. 😄

मुक्काम_पोस्ट_लंडन

समीक्षकांच्या भूमिकांमधल्या नटांबद्दलही लिहायला हवं. मायकेल हॉर्डर्न, रॉबर्ट मॉर्ली, हॅरी अँड्र्यूज, आर्थर लो, डेनिस प्राइस, प्रत्येक जण इथल्या रंगभूमीवर, पडद्यावर नाहीतर टीव्हीवर स्वतःच्या बळावर नाव कमावलेला. आयुष्यात परीक्षणं सोसलेल्या या मंडळींनी इथे समीक्षक होऊन मरून घेतलंय. आर्थर लोचं मुंडकं सकाळी डेव्हलिनच्या दारात दुधाच्या बाटलीवर ठेवलेलं सापडतं. इथे त्याला लोक ‘डॅड्स आर्मी’मधला लाडका कॅप्टन म्हणून ओळखायचे, म्हणजे त्या बाटलीचा धक्का किती बसला असेल!

जॅक हॉकिन्सचं मात्र वाईट वाटतं. घशाच्या कॅन्सरमुळे १९६६ मध्ये त्याचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं. तरी तो काम करत राहिला, त्याच्या ओठांवर दुसऱ्या नटाचा आवाज बसवायचे. या चित्रपटातही तसंच आहे. हा प्रदर्शित झाला त्याच वर्षी जुलैमध्ये तो गेला. आवाजावर जगणाऱ्या नटाच्या गोष्टीत आवाज गेलेला नट उभा आहे, आणि तो ऑथेल्लोच्या वाट्याचं मत्सराचं काम फक्त डोळ्यांनी करतोय. तो भाग मी आता वेगळ्याच नजरेने बघते.

कोपऱ्यातला_दिवा

हे ठाऊक नव्हतं. आज पुन्हा बघतो.

चुलीपाशी

थोडं अवांतर. प्राइसचा ‘हाउस ऑफ वॅक्स’ (१९५३) थ्री-डी होता, आणि दिग्दर्शक आंद्रे द टॉथ याला एकच डोळा होता. म्हणजे स्वतःच्याच चित्रपटातली थ्री-डीची खोली त्याला दिसत नव्हती. आपण ‘छोटा चेतन’ला चष्मा लावून आइस्क्रीम पकडायला हात पुढे करायचो, ते आठवलं.

अजून_एक_चहा

थ्री-डीचा विषय निघाला तर ‘झपाटलेला २’ विसरू नका. दिलीप प्रभावळकरांच्या आवाजातला तात्या विंचू आणि प्राइसचा लायनहार्ट, दोघे समोरासमोर आले तर कोण जिंकेल?

बिनधास्त_बाई

तात्या विंचू. लायनहार्ट स्वगत संपवेपर्यंत तात्याचा मंत्र म्हणून झालेला असेल.

शेवटची_रांग

प्रभावळकरांचं नाव अगदी योग्य घेतलं. चिमणराव, गांधीजी आणि तात्या विंचू एकाच माणसाने करायचे आणि तिन्ही ठिकाणी तेवढाच प्रामाणिकपणा ठेवायचा. बाहुल्याला आवाज देतोय म्हणून त्यांनी काम हलकं केलं नाही. प्राइसचंही तेच. एडगर ॲलन पोच्या कथांवरचे कॉर्मनचे ‘पो-पट’ असोत, ‘डॉक्टर फीब्ज’ असो नाहीतर हे, ‘मी या सिनेमापेक्षा मोठा आहे’ असा डोळा तो प्रेक्षकाला कधी मारत नाही.

पडद्यामागचा

इतक्या प्रतिसादांनंतर माझ्या प्रश्नाकडे परत येतो. नेपथ्यवाल्यांनी मला बराच हलवलाय, पण शेवटच्या दृश्यावर मी अडून बसणार. नाट्यगृह पेटलंय. एडविना मेलीय, तिला त्याच बेवड्यांपैकी एकाने मारलंय, तेही बापाच्या त्या पारितोषिकाने. लायनहार्ट तिला उचलून छतावर नेतो आणि मेलेल्या लेकीला, कॉर्डेलियाला, हातांवर घेतलेल्या लिअरचे शब्द म्हणतो. त्या क्षणी प्राइस आवाज खाली आणतो. संपूर्ण चित्रपटात पहिल्यांदा त्याच्यासमोर प्रेक्षक नाही असं तो बोलतो. खाली गर्दी आहे, पण तिचं त्याला भान नाही. तिथे लायनहार्ट चांगला नट आहे. तिथे समीक्षक चुकले.

प्राइसने ही भूमिका आपल्या लाडक्या भूमिकांमध्ये धरली, कारण शेक्सपिअर करायची त्याची हौस इथे भागली. १९३५ मध्ये लंडनच्या रंगभूमीवरून सुरुवात केलेल्या नटाला साठी ओलांडल्यावर, भयपटाच्या पोटात लपून, अखेर लिअर म्हणायला मिळाला.

नेपथ्यवाला

छताचं दृश्य तुमचं. बाकी चित्रपट माझा. 😄

कोपऱ्यातला_दिवा

मंजूर. छतावर तो मलाही नट वाटला, आणि बाप वाटला. दोन्ही एका श्वासात करणं अवघड.

खारीक_खोबरं

शनिवारी मैत्रिणींना घेऊन प्राइसचा एक रंगीत, जुना, राजेशाही भयपट बघायचाय. कुत्री मरणार नसतील असा. ‘विचफाइंडर’ घेऊ की कॉर्मनचा एखादा?

नेपथ्यवाला

‘विचफाइंडर’ मैत्रिणींबरोबर नको, तो फार कडवट आहे. ‘मास्क ऑफ द रेड डेथ’ (१९६४) घ्या. कॅमेरा निकोलस रोगचा, पुढे जो स्वतः मोठा दिग्दर्शक झाला. एकामागून एक वेगवेगळ्या रंगांच्या खोल्या आहेत, त्यांतून कॅमेरा फिरतो. बाहेर साथ, आत मेजवानी, आणि मधोमध राजपुत्र प्रॉस्पेरो झालेला प्राइस. मोबाइलवर बघू नका, टीव्हीला जोडा, आणि खोलीतले दिवे घालवा.

खारीक_खोबरं

ठरलं. रविवारी लिहिते.